खड्डा कोणी उघडायचा

मालगुंडहून आत वळणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या उतरणीला नेत्रा आणि केतनने पाहुण्यांसाठी घर बांधलं आणि त्याला ‘पातेरा’ असं नाव दिलं, तेव्हा गाव पोट धरून हसलं होतं. पातेरा म्हणजे झाडाखाली साचलेला वाळका पाला. बाईमाणूस सकाळी उठून झाडू हातात घेतं ते तो गोळा करून पेटवायला. “घराला कचऱ्याचं नाव ठेवतात काय कोणी?” असं वरच्या वाडीचा रघू चार माणसांत म्हणाला आणि पुढच्याच महिन्यात तिथे माळीकामाला लागला.

रेणुका लागली ती त्याच्या मागून. स्वयंपाक करायचा आणि घर बघायचं, असं ठरलं होतं.

त्याआधीची बरीच वर्षं तिने काजूच्या कारखान्यात काढली होती. काजूच्या टरफलातलं तेल बोटं खातं. कितीही राख फासून बसा, संध्याकाळी कातडी काळी पडून सोलायला लागते. लग्नाकार्यात रेणुका हात पदराखाली धरून बसायची आणि बायकांना वाटायचं, ही फार विनयाची आहे. नवरा अमरदीप मुंबईला गोदीत कामाला, जयंतीला आणि गणपतीच्या सुट्टीला येणारा. मुलगी योगिनी रत्नागिरीला नर्सिंग शिकत होती. घरात राहिल्या दोघी, रेणुका आणि तिची सासू सुंदराबाई.

‘पातेऱ्या’त लागल्यावर पहिला पाऊस सरेपर्यंत तिच्या हातांना नवी कातडी आली. एके दिवशी परातीत तांदळाचं पीठ मळताना तिला आपली बोटं दिसली आणि ती बघतच राहिली. पाण्याचं आधण केव्हाचं आटलं होतं.

घर तिला आवडलं होतं. चिऱ्याच्या भिंती, त्यांना गिलावा नाही. वर कौलं, खाली सारवलेली जमीन. दिवे आणि पंखे उन्हावर चालणारे, पावसाचं पाणी मोठ्या टाकीत साठवलेलं. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून निवळून केळींना जायचं. नवे पाहुणे आले की नेत्रा त्यांना हे सगळं फिरवून दाखवी आणि पाहुणे वाकून वाकून कर्दळीचे फोटो काढत.

“आमच्या मोरीचं पाणी जन्मभर केळीलाच गेलं,” रेणुका एकदा म्हणाली. “फोटो कोणी काढला नाही.”

नेत्रा इतकी हसली की तिला ठसका लागला. नंतर हे वाक्य ती पाहुण्यांना सांगू लागली आणि प्रत्येक वेळी ‘हे आमच्या रेणुकाताईंचं’ असं म्हणायला विसरली नाही.

नेत्रा मूळची ठाण्याची. चाळिशी उलटलेली, बारीक अंगाची, बोलताना हात हलवणारी. पहिल्या दिवशी दुपारी तिने टेबलावर तीन ताटं मांडली होती. एक केतनचं, एक स्वतःचं आणि एक समोर. रेणुका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कामाच्या घरी जेवायचं ते मागच्या पडवीत, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं, ते तिला येतच होतं.

“ताई, गार होतंय,” नेत्रा म्हणाली.

रेणुका बसली. पहिल्या दिवशी अर्धी भाकरी खाऊन उठली. दुसऱ्या दिवशी पुरी जेवली. आठवडाभरात ती जेवताजेवता केतनला सांगू लागली की सोलकढी वाटीतून प्यायची असते, भातावर घेऊन असा चिखल करायचा नसतो. पाहुणेही त्याच टेबलावर जेवत. कुळथाचं पिठलं, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, तिच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या. एका मुंबईच्या बाईने जाताना तिचे दोन्ही हात हातात घेतले, तेव्हा रेणुकाला मनात आलं, बरं झालं बाई, नवी कातडी आल्यावर आलीस.

एवढं सगळं नीट असलेल्या त्या घरात एकच गोष्ट होती जिच्याकडे बघायचं रेणुका टाळत आली होती. ती म्हणजे संडास.

तो कोरडा संडास होता. पाणी ओतायचं नाही. बसून झालं की बाजूच्या टोपलीतला मगभर पातेरा आणि मूठभर राख वरून टाकायची, झाकण लावायचं. धुतलेलं पाणी वेगळ्या वाटेने बाहेर. खाली उतारात दोन खड्डे बांधले होते, शेजारी शेजारी. एक भरला की तो बंद करायचा आणि दुसरा वापरायला काढायचा. बंद केलेल्यातलं सगळं वर्षभरात कुजून माती होते, मग खालच्या अंगाचं दार उघडून ती माती काढायची आणि झाडांना घालायची. वास नाही, पाण्याची नासाडी नाही, समुद्रात घाण नाही. नेत्राला त्या संडासाचा कर्दळीपेक्षाही जास्त अभिमान होता.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच रेणुकाच्या मनात एक प्रश्न येऊन बसला होता. ती माती काढायची कोणी?

तिने विचारलं नाही. तेव्हा नोकरी हवी होती म्हणून, आणि पुढे नोकरी आवडायला लागली म्हणून. योगिनीला डेंग्यू झाला तेव्हा नेत्रा स्वतः गाडी काढून रत्नागिरीला आली होती, दवाखान्यात रात्रभर खुर्चीवर बसली होती. त्यानंतर तर तो प्रश्न रेणुकाने जिभेवर येऊच दिला नाही. उपकाराखाली असलेलं माणूस आधी मान वाकवतं, मग हळूहळू तोंडही मिटतं, तसं तिचं झालं होतं. पहिला खड्डा भरला, केतनने त्यावर झाकण ठोकलं, वर खडूने महिना लिहिला. आणखी एक पाऊस आला नि गेला. रेणुका तिकडच्या वाटेने जाणं टाळायची. केळींकडे जायला लांबचा वळसा घ्यायची.

चैत्र लागला. हवेत काजूच्या बोंडांचा आंबट वास. जयंती तोंडावर आली होती, वाडीत विहाराला रंग चालला होता. त्या दुपारी भांडी आवरत असताना नेत्रा स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

“ताई, पहिला खड्डा उघडायला हवा आता. पावसाच्या आत आंब्यांना खत गेलेलं बरं. रघूभाऊंना विचारलं तर ते म्हणतात मी नाही करणार. पण म्हणाले, रेणुकाच्या वाडीत विचारा, तिथलं कोणीतरी येईल. तुम्ही विचाराल का कोणाला?”

नेत्राच्या बोलण्यात काहीही नव्हतं. नारळ उतरवायला माणूस बघाल का, असं विचारावं तसं तिने विचारलं होतं. हातात आंब्याची फोड होती, ती खात होती.

रेणुकाच्या हातात पातेलं होतं. ते तिने उपडं घातलं.

“विचारते,” ती म्हणाली.

घरी जाताना ती वाटेत दोनदा थांबली. ‘विचारते’ हा शब्द आपल्याच तोंडातून कसा गेला ते तिला कळेना. विचारणार कोणाला? विहाराला रंग देणाऱ्या पोरांना? बँकेत चिकटलेल्या शेजारच्या राजश्रीच्या मुलाला? की बौद्धजन मंडळाच्या बैठकीत उभं राहून सांगणार, की माझ्या मालकिणीचा संडास भरलाय, तुमच्यातलं कोण येतंय? आणि नाही विचारलं तर उद्या नेत्राला काय सांगायचं? कोणी मिळालं नाही, असं? मग ती म्हणेल, बरं, तुम्हीच थोडा हात लावाल का ताई. ती गोड आवाजातच म्हणेल. आणि मग मात्र या घराची पायरी पुन्हा चढता येणार नाही. पुढे काजूचा कारखाना आहेच, कुठे गेलाय.

सुंदराबाई अंगणात कोकमासाठी रातांबे फोडत बसली होती. हात कोपरापर्यंत जांभळे. पंचाहत्तरी उलटलेली ही बाई, एका गुडघ्याने अधू, पण कान इतके तिखट की सुनेच्या चपलांच्या आवाजावरून दिवस कसा गेला ते ओळखावं.

“काय झालं गो?”

“काही नाही.”

“काय नाय तर मग चपला घालून घरात कशी निघालीस?”

रेणुकाने चपला काढल्या, सासूसमोर बसली, एक रातांबा उचलला आणि सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज कुठेही चढला नाही. सुंदराबाईच्या हातातली सुरी चालत राहिली.

“मग विचारलंस वाडीत?”

“कसं विचारणार, आई?”

“मग तिला तरी ‘विचारते’ कसं म्हणालीस?”

रेणुकाने हातातला रातांबा पाटीत टाकला.

“ती बाई चांगली हाय म्हणतेस ना? दोन वर्षं तेच ऐकते मी. नेत्राताईनं असं केलं, नेत्राताईनं तसं केलं. माझ्या लेकानं ऐकलं तर म्हणेल, बायकोला दुसरा संसार मिळाला.”

“चांगलीच आहे ती.”

“मग चांगल्या माणसाला खरं सांगायला काय होतं तुला?”

 याचं उत्तर सासूला सांगता येण्यासारखं नव्हतं. सुंदराबाईने पाटीतल्या बिया हाताने चाळल्या, हात धुतले, आणि गुडघ्यावर जोर देऊन उठली.

“उद्या मी येते तुझ्याबरोबर.”

“आई, चढण आहे. तुमचा गुडघा...”

“गुडघा माझा हाय. मी बगीन त्याचं.”

रेणुकाला वाटलं, संपलं. सासू जाऊन भांडणार. आपल्याला ओढत खाली आणणार. लग्न होऊन आल्यापासून सासूने तिच्या बाजूने कधी शब्द टाकल्याचं तिला आठवत नव्हतं. भाकरी जाड झाली म्हणून, पोरगी उशिरा झाली म्हणून, लेक मुंबईला राहतो म्हणून, कशाकशावरून तिने ऐकून घेतलं होतं. आता हेही.

सकाळी सुंदराबाई तयार होऊन ओटीवर बसली होती. जयंतीसाठी इस्त्री करून ठेवलेलं पांढरं लुगडं तिने आजच नेसलं होतं.  दोघी निघाल्या. चढणीवर सुंदराबाई दर वळणावर थांबे, पण सून हात पुढे करी तेव्हा तिच्याकडे न बघता झाडांकडे बघे.

‘पातेऱ्या’च्या अंगणात रघू रोपांना पाणी घालत होता. सुंदराबाईला बघून त्याच्या हातातली झारी थांबली.

“काय गो आये, इकडं कुठं?”

“तुझ्या मालकिणीला भेटायला. तूबी ये, लांब जाऊ नको.”

नेत्रा पडवीतच होती. “अरे, आजी! बसा ना,” म्हणून ती उठली. पडवीला पायऱ्या होत्या, बाक होता आणि पाहुण्यांची वेताची खुर्ची होती. सुंदराबाई खुर्चीवर बसली. लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या. केतन आतून पाणी घेऊन आला. ते तिने पूर्ण प्यायलं आणि फुलपात्र खाली ठेवलं.

“पाणी गोड हाय तुमचं,” ती म्हणाली. “आता ऐका. काल तुमी माझ्या सुनेला म्हणालात, खड्डा उघडायला तुझ्या वाडीतला माणूस बग. ती ‘बगते’ म्हणाली. ती काय बगणार नाय. कोण येणार नाय. तेवढं सांगायला आले.”

नेत्रा गोंधळली. “अहो, नसेल कोणी तर काही हरकत नाही. मी आपलं सहज...”

“सहजच. तुमच्या मनात काय नव्हतं, ते मला ठाऊक हाय. ह्याच्या मनात काय होतं, ते जरा विचारूया.” तिने रघूकडे मान वळवली. “रघू, आमच्या वाडीत विचारा असं का म्हणालास? तुझ्या वाडीत माणसं नायत?”

रघूने झारी या हातातून त्या हातात घेतली. “आता त्यात काय वाईट बोललो मी, आये? पूर्वीपासून तुमच्यात...”

“पूर्वी काय? मैला आमी उपसलेला नाय, रघू. कधीच नाय. ढोरं ओढायचे आमचे लोक, गावकीची. गावात बैल मेला की माझ्या बापाला हाक. तुला वाटतं, घाण म्हटली की सगळी एकाच वाडीची. आणि तेबी आमी छप्पन साली सोडलं.”

 सुंदराबाई पुन्हा नेत्राकडे वळली. तिचा आवाज आता खाली आला होता.

“मी लहान होते. परकर नेसायची. खोताचा बैल मेला. माणूस बोलवायला आला तर बाप म्हणाला, आता नाय. आमी आता बौद्ध झालो, हे काम आमचं नाय. बैल पडून राहिला. वास सुटला. आमचं पाणी बंद, दुकान बंद. आय म्हणायची, एकदा ओढून टाका, पोरं उपाशी हायत. बाप उठला नाय. शेवटी ज्याचा बैल होता त्यानंच रानात नेऊन पुरला. तवा गावाला कळलं की त्यालाबी हात हायत.”

नेत्रा बाकावर टेकली. 

“आजी, माझ्या डोक्यातच आलं नाही हो,” नेत्रा म्हणाली. तिचे हात, जे एरवी सारखे हलत असायचे, मांडीवर पडले होते.

“तुमच्या डोक्यात यायला लागत नाय. आमच्या डोक्यातनं जात नाय. तेवढाच फरक.”

नेत्राने रेणुकाकडे बघितलं. ती खांबाला धरून उभी होती.

“ताई, पण तुम्ही मला तिथल्या तिथे का नाही सांगितलंत?”

रेणुकाला वाटलं होतं आपण रडू. ती रडली नाही. तिचं उत्तर कालपासून तयार होतं, फक्त आता ते सासूसमोर बोलावं लागणार होतं.

“तुम्ही चांगल्या आहात म्हणून,” ती म्हणाली. “वाईट असतात तर हातातलं पातेलं तिथेच आपटून निघून गेले असते. तुम्ही योगिनीसाठी दवाखान्यात बसलात. मला टेबलावर जेवायला बसवलंत. एवढं सगळं घेतल्यावर ‘हे नाही करणार’ कसं म्हणायचं, तेच कळलं नाही. आणि पहिल्यापासून मला धाक होता, की शेवटी हे माझ्याकडेच येणार. त्या बाजूने मी केळीला पाणीसुद्धा घालत नाही.”

केतन मघापासून दारात उभा होता. तो मोठा, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“दोन वर्षं पाहुण्यांना सांगतोय आम्ही, हा खड्डा म्हणजे काय आणि कसा,” तो म्हणाला. “आणि उघडणार कोण, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. नेत्रा, फावडं कुठे आहे?”

“आत्ता?”

“मग कधी?”

नंतर जे झालं ते रेणुका पुढे कितीतरी दिवस आठवून हसायची. केतनने गमबूट घातले. नेत्राने तोंडाला ओढणी बांधली, मग डोक्याला, मग हातमोजे चढवले, मग रेनकोट आणला. उन्हाळ्याच्या दिवसात रेनकोट. कोल्हापूरचे एक जाड पाहुणे चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि “काय निघतंय?” म्हणून विचारू लागले. केतनने सांगितलं. ते जरा थांबले, उरलेला चहा प्यायले, कप कठड्यावर ठेवला. “दोन रात्री आमचंबी त्यात योगदान आहे की,” ते म्हणाले आणि बाह्या मागे सारायला लागले.

“तुमचं शेजारच्या खड्ड्यात आहे,” केतन म्हणाला. “हे गेल्या वर्षीचं.”

“मग गेल्या वर्षीच्यांना फोन लावा,” पाहुण्यांची बायको पडवीतून म्हणाली. पण नवरा खाली उतरलाच होता.

सुंदराबाईने खुर्ची उताराच्या वर, फणसाच्या सावलीत मांडायला लावली. रेणुका तिच्याजवळ उभी राहिली. केतनने दाराचे खिळे काढले, फळी ओढली आणि सगळे एक पाऊल मागे सरले. रघू तर थेट चार झाडं मागे, नाकावर फडकं दाबून.

काही झालं नाही. वास आला तो पावसानंतर रानात येतो तसा, ओल्या पानांचा. आत काळी, भुसभुशीत माती होती. केतनने फावडं घातलं, पाटी भरली. एक गांडूळ बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं. नेत्राने ओढणी नाकावरून खाली केली, वास घेतला, आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. मग तिने रेनकोटही काढला.

“रघू,” सुंदराबाई वरून म्हणाली, “फडकं काढ आता. लोकं बगतायत.”

रघूने फडकं काढलं. दोन झाडं पुढे आला. थोड्या वेळाने आणखी एक. मग कोणाला उद्देशून नाही असं बोलला, “हापूसला घालायची तर बुंध्याला नाय घालायची, लांब गोल खणून घालायची.” आणि गोल खणायला लागला.

केतनला पाटी उचलता येत नव्हती. तो ती पोटाशी धरून वाकडा चालायचा. रेणुकाचे हात शिवशिवले. जन्मभर तिने एवढं बघितलं होतं, की दुसरं माणूस काम करतंय आणि आपण उभं, असं होत नाही. ती उतरायला निघाली, तोच सुंदराबाईने तिचं मनगट धरलं.

“बस.”

“आई, त्यांना जमत नाहीये.”

“जमेल. शिकतील. तू बस.”

खुर्चीशेजारी एक चिरा पडला होता. रेणुका त्याच्यावर बसली. सासूने मनगट सोडलं नाही. त्या जांभळ्या डागांच्या, सुरकुतलेल्या बोटांकडे बघताना तिला वाटलं, ही बाई भाकरीच्या जाडीवरून आपल्याला बोलत आली, आणि आज हीच एवढी चढण चढून आली, पांढरं लुगडं नेसून, आपल्यासाठी. कालपासून आपण समजत होतो की ही नोकरी तोडायला निघालीय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने फणसाच्या पानांकडे बघून जिरवलं. आभार मानायची दोघींना सवय नव्हती. मानले असते तर सुंदराबाई म्हणाली असती, शाणपणा नको.

नंतर रेणुका स्वयंपाकघरात गेली. ते तिचं काम होतं. चार माणसं घाम गाळत होती, त्यांना जेवायला हवं होतं. तिने फणसाची भाजी फोडणीला टाकली, सोलकढी केली, भाकऱ्या थापल्या. आज भाकरी फुगत होती आणि तिला गुणगुणावंसं वाटत होतं.

दुपारी टेबलावर एक ताट जास्त होतं. कोल्हापूरचे पाहुणे आणि त्यांची बायको, केतन, नेत्रा, रेणुका आणि टोकाला सुंदराबाई. रघू नेहमी डबा घेऊन मागे झाडाखाली बसायचा. त्याला नेत्राने हाक मारली, तो “नको, डबा आणलाय” म्हणाला. मग थोड्या वेळाने डबा घेऊनच आत आला आणि बाकाच्या कडेला बसला. रेणुकाने त्याच्यापुढे सोलकढीची वाटी ठेवली. तो वाटीकडे बघत राहिला.

“माझ्या मनात तसं नव्हतं, रेणुका,” तो हळूच म्हणाला.

“पी. नासते ती,” ती म्हणाली. माफ केलं असं तिने म्हटलं नाही. एका दुपारीत तेवढं होत नाही. पण त्याने वाटी रिकामी केली, तेव्हा तिने पुन्हा भरली.

सुंदराबाईने सुनेच्या हातचं ‘हॉटेलातलं’ जेवण पहिल्यांदाच खाल्लं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने भाजीचा घास घोळवला, गिळला.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली आणि दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली.

जेवण झाल्यावर नेत्रा तिच्याजवळ येऊन बसली. हात तिने इतक्यांदा धुतले होते की बोटं पांढरी पडली होती. तिला काहीतरी भरपाई करायची होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“आजी, मी वाडीत येऊन सगळ्यांची माफी मागते.”

“वाडीत कोणाला ठाऊक हाय? उगाच कशाला सांगत फिरता. जयंतीला या. दोघं या. खीर असते. पण लवकर या, उशिरा आलात तर पोरं खाऊन टाकतात.”

“येते,” नेत्रा म्हणाली. मग रेणुकाकडे वळून, “ताई, यापुढे नवे पाहुणे आले की घर तुम्हीच दाखवा. संडासाचंही तुम्हीच सांगा. कोण उघडतं, ते सुद्धा. तुम्हाला हवं तसं.”

रेणुकाने जरा विचार केला. “सांगेन,” ती म्हणाली. “दरवर्षी चैत्रात मालक स्वतः उघडतात, आणि त्या दिवसात कोणी मुक्कामाला असेल तर त्यांनीही हात लावायचा. ज्याला चालणार नाही त्याने पावसाळ्यात यावं.”

कोल्हापूरचे पाहुणे टाळी वाजवायला गेले. पण पाठ धरली होती, त्यामुळे नुसतेच हसले.

उन्हं कलल्यावर दोघी निघाल्या. रेणुकाने आज पहिल्यांदा केळींकडची जवळची वाट धरली. रिकाम्या खड्ड्याचं दार उघडं होतं, आत कोरडा चिरा दिसत होता. ती तिथे थांबली नाही, पण वळसाही घेतला नाही. उतरणीवर तिने हात पुढे केला, तेव्हा सुंदराबाईने झाडांकडे बघितलं नाही. हात धरला आणि चांगला भार टाकला.

वाडी दिसायला लागली तशी विहाराच्या नव्या रंगाची निळी कड झाडांमधून चमकली. सुंदराबाई श्वास घ्यायला थांबली.

“उद्या जरा लवकर जा गो,” ती म्हणाली.

“का?”

“ती माणसं उठायची नायत सकाळी. पाटी उचलायची सवय नाय त्यांना. पाहुण्यांचा नाश्ता तुलाच बगायला लागेल.”